पदार्थसंग्रहालयाची बोलकी भित्तिपत्रके

पदार्थसंग्रहालय म्हटले की विदर्भातील शिक्षकाच्या डोळ्यांपुढे नागपूरचा ‘अजब बंगला’ उभा राहतो. १८६३ साली स्थापन झालेले ते मध्यवर्ती संग्रहालय कित्येक पिढ्यांनी सहलीत पाहिले आहे. यवतमाळकरांना त्याहून जवळ वर्ध्याचे मगन संग्रहालय आहे. महात्मा गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथे राजांच्या तलवारी नाहीत. खादी व ग्रामोद्योगांची साधने आहेत. पुण्यास दिनकर गंगाधर केळकरांनी जमविलेल्या संग्रहात अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या अशा घरगुती वस्तूंना मानाचे स्थान मिळाले आहे. खेड्यातील माणसाच्या हाताखालून गेलेली वस्तू संग्रहालयात ठेवण्यास योग्य असते, ही गोष्ट आता सिद्ध करावयास नको.

यास्तव शाळेच्या एका खोलीत किंवा व्हरांड्याच्या कोपऱ्यात गावचा छोटा संग्रह मांडावा, ही कल्पना शिक्षकांस नवीन वाटणार नाही. अडचण पुढेच येते. वस्तू मांडल्या जातात, नारळ फुटतो, शाळेची मुले एकदा रांगेने पाहून जातात, आणि मग खोलीला कुलूप लागते. ज्यांच्या घरच्या त्या वस्तू, ती मंडळी फिरकतच नाहीत. फळ्यावर किंवा कागदावर ‘शाळेत ऐतिहासिक व दुर्मीळ वस्तूंचे भव्य प्रदर्शन, सर्वांनी अवश्य लाभ घ्यावा’ असे लिहून लावलेले असते. ते वाचणारा वाचतो आणि पुढे जातो. त्या कागदाने त्याला काही विचारलेले नसते, काही करावयास लावलेले नसते. मग त्याने थांबावे तरी कशासाठी?

हे दुर्लक्ष साधे नाही. लाकडी तिफन पावसात कुजते किंवा चुलीत जाते. तांब्यापितळेची भांडी मोडीत निघतात. वस्तू जाते ती एकटी जात नाही. तिच्या प्रत्येक भागाचे नाव आणि ती वापरण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे असे आजोबा-आजी गावात फार राहिलेले नाहीत. ते हयात आहेत तोवर त्यांना शाळेपर्यंत आणणे हे संग्रहालयाचे पहिले काम होय, आणि ते बव्हंशी भित्तिपत्रकावर अवलंबून आहे.

कागदालाही हातपाय असतात

पाहणाऱ्याला हात लावू देणारी मांडणी मोठ्या संग्रहालयांनी फार पूर्वीच स्वीकारली. म्युनिक शहरात ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ साली स्थापन केलेल्या जर्मन संग्रहालयात प्रेक्षकाने कळ दाबावी, दांडा फिरवावा आणि यंत्र चालताना पाहावे अशी व्यवस्था करण्यात आली. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ पासून आपल्या मुलांना तसाच अनुभव देत आहे. परंतु त्यासाठी यंत्रेच पाहिजेत असे नाही. पीटर अपियन या जर्मन विद्वानाने १५४० साली छापलेल्या ज्योतिषग्रंथात एकावर एक बसविलेल्या कागदी चकत्या होत्या. वाचकाने त्या फिरवावयाच्या आणि ग्रहांची स्थाने स्वतः काढावयाची. पावणेपाचशे वर्षांपूर्वी पुस्तकाच्या पानाला जे जमले ते आपल्या कार्डशीटला जमण्यास हरकत नसावी.

हल्ली शहरांतील भित्तिपत्रकांवर ठिपक्यांचा चौकोन छापतात, ज्याला क्यूआर कोड म्हणतात. तो फोनने टिपला की अधिक माहिती मिळते. तो निरुपयोगी आहे असे नव्हे. पण ज्या वृद्धांना शाळेत आणावयाचे आहे त्यांच्या हातात तो फोन बहुधा नसतो, आणि असलाच तर तो नातवाने चालवून द्यावा लागतो. झाकण उचलणे, चकती फिरविणे, दाणे टाकणे ह्या क्रिया मात्र कोणालाही शिकवाव्या लागत नाहीत.

एक उदाहरण : बोरी अरब

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बोरी अरब हे गाव उदाहरणादाखल घेऊ. तेथील शाळेने तिसरी ते पाचवीच्या मुलांकरवी असा संग्रह मांडावयाचे ठरविले असे समजावे. संग्रहात एक तिफन, एक जाते, सरकी काढण्याची हातचरखी, दोन-तीन टकळ्या, पायली-शेराची मापे, जुने आणे-पैसे आणि बंजारा घरातून आलेले भरतकामाचे एखादे वस्त्र एवढेच आहे. एवढे पुष्कळ झाले.

पहिला मोह असा होईल की ह्या सर्व वस्तूंची चित्रे एकाच कागदावर काढावीत. तो टाळावा. एका भित्तिपत्रकावर एकच वस्तू, तिच्याविषयी एकच प्रश्न आणि पाहणाऱ्याने करावयाची एकच कृती. ह्यापलीकडे जाऊ नये. कोणती वस्तू निवडावी ह्याचा निर्णय मुलांवर सोपविला तर ती चकचकीत वस्तू निवडतात. शिक्षकाने त्यांना एवढेच विचारावे: ‘हिच्याशी काय करता येते?’ उत्तर देता देता मुले आपोआप तिफनीकडे वळतील.

तिफनीचे भित्तिपत्रक पुढीलप्रमाणे करता येते. ५५ × ७० सेंटिमीटरची कार्डशीट जाड पुठ्ठ्यावर चिकटवावी. तिच्यावर मागून दिसणारी तिफन काढावी. बैल काढू नयेत, त्यात मुलांचा सर्व वेळ जातो. चित्रात जेथे चाडे असेल तेथे जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची नरसाळ्यासारखी वाटी बसवावी आणि तिच्या तळाशी तीन भोके पाडावीत. प्रत्येक भोकातून करंगळीएवढ्या जाडीची कागदी नळी खाली आणावी व तिच्या तोंडाशी आगपेटीचा रिकामा खण चिकटवावा. नळ्या शक्य तितक्या उभ्या ठेवाव्यात. त्या फार आडव्या झाल्या किंवा मध्ये वाकल्या की ज्वारीचा दाणा अडकतो, आणि एकदा अडकला की काडीनेच काढावा लागतो. चाड्याच्या वर ठळक अक्षरांत लिहावे: ‘तीनही खणांत सारखे दाणे पाडून दाखवा.’

वरवर हा खेळ आहे. पण मूठभर दाणे एकदम टाकणाऱ्याची एक नळी तुंबते आणि दुसरी रिकामी राहते. दाणे बोटांतून हळूहळू, सारख्या गतीने सोडले तरच तीनही खण सारखे भरतात. चाड्यावर मूठ धरणे म्हणजे काय, हे पेरणी कधी न पाहिलेल्या मुलास दोन मिनिटांत कळते. ज्या बाईने किंवा बुवाने आयुष्यभर हे काम केले त्यांचा हात मात्र पहिल्याच खेपेस बरोबर पडतो. भोवतालची मुले चकित होतात, आणि ज्यांना आजवर शाळेत कोणी काही विचारले नाही ती व्यक्ती क्षणात शिक्षक होते. खालच्या ओळीत एवढाच मजकूर असावा: ‘चालत्या बैलांमागे हे दिवसभर कसे साधत असे? खरी तिफन शाळेत आहे.’ पुढे वेळ आणि वार द्यावा.

ह्या नमुन्यात एक नियम सामावलेला आहे. जो कृती करील त्याला भित्तिपत्रकानेच काहीतरी द्यावे. पण सर्व देऊ नये. झाकण उचलून आत कोरा कागद किंवा ‘उत्तरासाठी संग्रहालयास भेट द्या’ असा आदेश आढळला तर माणसाला फसवल्यासारखे वाटते. उलट सगळेच उत्तर आत लिहिले तर येण्याचे कारण उरत नाही. एक उत्तर आत असावे आणि त्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघावा.

जुन्या नाण्यांच्या भित्तिपत्रकात हे फार चांगले साधते. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोपर्यंत रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. पुढे १०० नवे पैसे झाले, आणि १९६४ पासून ‘नवे’ हा शब्दही गळाला. पुठ्ठ्याची एक चकती कापून तिच्या कडेला एक आणा, दोन आणे, तीन आणे, चार आणे असे लिहावे. त्या त्या नावापासून आतल्या बाजूस त्या काळच्या सरकारी कोष्टकाप्रमाणे ६, १२, १९, २५ हे नव्या पैशांचे आकडे लिहावेत. वरच्या कागदाला दोन खिडक्या पाडल्या म्हणजे चकती फिरेल तशी एकीत आणे व दुसरीत नवे पैसे दिसतील. खाली प्रश्न: ‘एका आण्याचे सहा, तर चार आण्यांचे चोवीस का नाहीत?’ पाचवीच्या वर्गाने हा प्रश्न अपूर्णांकांच्या तासाला सोडवावा. एक आणा म्हणजे वस्तुतः सव्वासहा नवे पैसे; पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे पूर्णांक धरावा लागला. दुकानात ह्यावरून तंटे होत असत काय, हे संग्रहालयात येणाऱ्या आजोबांना विचारावे. चकतीच्या आसासाठी टाचणी वापरू नये, ती हाताला लागते. सदऱ्याचे बटण आणि दुहेरी दोरा ह्यांनी उत्तम आस होतो.

भित्तिपत्रक भिंतीवरच असले पाहिजे असेही नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही दारव्ह्यावरून जाणारी अरुंदमापी रेल्वे, लोकांची ‘शकुंतला’, आता धावत नाही. १९९४ पर्यंत तिला वाफेचे एंजिन होते. तिच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, आणि मोठ्या गाडीचे १,६७६. शाळेच्या फाटकापासून संग्रहाच्या दारापर्यंत चुन्याने ७६ सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा ओढल्या आणि शेजारी थोडे अंतर मोठ्या मापाच्या ओढल्या, तर त्या रुळांवरून चालत माणूस आपोआप दारापाशी येतो. रेघा ओढण्यापूर्वी मुलांनी मोजपट्टीने खुणा कराव्यात, हा मापनाचा पाठच होय. मात्र दाराच्या आत रेल्वेसंबंधी काहीतरी असावयास पाहिजे: एखादे जुने तिकीट, कंदील, निदान त्या गाडीने कापूस जाताना पाहिलेल्या कोणाची लिहून घेतलेली हकीकत. काहीच नसेल तर ह्या रेघा ओढू नयेत. जे संग्रहात नाही त्याचे चित्र दाखवून माणसे बोलावणे हा खोटेपणा आहे, आणि गावात तो दुसऱ्याच दिवशी सर्वांना कळतो.

विचारणारे भित्तिपत्रक

वरील तीनही प्रकारांहून सोपा व उपयुक्त असा चौथा प्रकार आहे. संग्रहातील एखाद्या अवजाराचे मोठे, स्पष्ट चित्र काढावे. त्याच्या प्रत्येक भागापासून एक रेघ बाहेर काढून तिच्या टोकाशी रिकामी चौकट ठेवावी. वर लिहावे: ‘ह्याला तुमच्या घरी काय म्हणतात?’ सुतळीने एक पेन्सिल बांधून ठेवावी. बस्स.

दारव्हा भागातील एका गावातही एका वस्तूला एकच नाव नसते. वऱ्हाडी बोलणाऱ्या कुणब्याच्या घरी एक, बंजारा तांड्यावर गोरमाटीत दुसरे, कोलाम किंवा गोंड कुटुंबात तिसरे. पुस्तकातले नाव बहुधा चौथेच असते. चौकटीत जे लिहिले जाईल ते शिक्षकाने सुधारू नये. ‘शुद्ध शब्द हा नव्हे’ असे एकदा जरी म्हटले गेले तरी पुढचा माणूस पेन्सिलीला हात लावणार नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी बाजाराच्या दिवशी चौथी-पाचवीची दोन मुले तासभर वही घेऊन जवळ बसवावीत. त्यांनी ‘काका, ह्याला काय म्हणता जी?’ असे विचारून सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावे, आणि सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचे नावही टिपावे. पुढे संग्रहातील वस्तूजवळच्या पाटीवर ही सर्व नावे सांगणाऱ्याच्या नावासह लिहावीत. आपले नाव पाटीवर लागले आहे असे कळल्यावर ती व्यक्ती एकटी येत नाही, घरच्यांना घेऊन येते. मुलांच्या दृष्टीने तर ह्यात भाषेचा असा पाठ होतो की ज्याला पाठ्यपुस्तकात जागा नाही. तांड्यावरील मुलगा, जो वर्गात मराठी शब्दासाठी अडखळतो, तो येथे वर्गाला शब्द देतो.

कोठे लावावे

जागेची निवड ही चित्राइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एस.टी. थांब्याजवळच्या रस्त्यावरून माणूस जाता जाता पाहतो. तेथे मोठे चित्र आणि पाच-सहा शब्द एवढेच चालते. कृतीचे भित्तिपत्रक जेथे लोकांना हात रिकामे ठेवून थांबावे लागते तेथे लावावे. अशी उत्तम जागा म्हणजे पिठाची गिरणी. दळण व्हावयास वेळ लागतो, स्त्रिया व मुले तेथे उभी असतात, आणि तिफनीच्या चाड्यात टाकावयाचे दाणे प्रत्येकीच्या डब्यात असतातच. खणांत जमलेले दाणे रोज सायंकाळी चिमण्यांना टाकावेत, नाहीतर रात्री उंदीर भित्तिपत्रकच खातात. त्याखालोखाल रास्त भावाचे दुकान, आरोग्य उपकेंद्राची ओसरी, पाणपोई. कोठेही लावण्यापूर्वी जागेच्या मालकाची परवानगी मुलांनी स्वतः जाऊन घ्यावी. कोणाच्या रंगविलेल्या भिंतीला खळ लावू नये, दोरीने टांगावे.

उचलण्या-फिरविण्याचा भाग जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर यावा, म्हणजे दुसरीच्या मुलाचा हात पोहोचतो आणि मोठ्यांना फार वाकावे लागत नाही. मथळ्याचे अक्षर पाच सेंटिमीटरपेक्षा लहान नसावे. देवनागरीत वरची वेलांटी व खालचा उकार ह्यांना जागा लागते हे मुले विसरतात आणि ओळी एकमेकींत घुसतात. शिरोरेषा आधी पट्टीने आखून घ्याव्यात. रंगांसाठी बाजारात जावयास नको. गेरू, चुना, काजळ आणि वसंतात मिळणारी पळसाची फुले एवढ्यांत काम भागते. झाकणाची बिजागरी कागदाची केल्यास दोन दिवसांत फाटते. जुन्या सुती कापडाची पट्टी लावावी. गव्हाच्या पिठाची किंवा चिंचोक्याची खळ पुरेशी आहे. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालीत. ते विषारी असल्याने शाळेत वापरू नये, खळ रोज ताजी करावी.

वर्गातील काम

एवढ्या कामास पाच-सहा तासिका पुरतात. पहिली तासिका केवळ वस्तू हाताळण्याची. दुसरीत प्रत्येक गटाने वस्तूविषयी दहा प्रश्न लिहावेत व त्यांतील नऊ खोडावेत. खोडण्याचे हे काम मुलांना जड जाते, पण तेच खरे काम आहे. ‘ही वस्तू किती जुनी आहे?’ ह्यासारखा प्रश्न जवळजवळ नेहमी खोडावा, कारण उत्तर ऐकून करावयाचे काही राहत नाही. पुढील दोन-तीन तासिका बांधणी व रेखाटनाच्या.

शेवटची तासिका परीक्षेची. तयार भित्तिपत्रक दुसरीच्या मुलांपुढे ठेवावे आणि करणाऱ्या गटाने तोंडातून अक्षर न काढता दूर उभे राहावे. लहान मूल झाकण उचलीत नसेल तर झाकण आहे हे त्याला कळलेले नाही. त्यास दोऱ्याचे बोंड लावावे. चकती उलटीच फिरवीत असेल तर बाण काढावा. ‘ते लहान आहे म्हणून त्याला समजत नाही’ असे मोठी मुले म्हणतील. शिक्षकाने ते मान्य करू नये. भित्तिपत्रकाजवळ समजावून सांगावयास गिरणीत कोणी असणार नाही.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे रोजी येतो. १९७७ पासून तो जगभर पाळला जातो. विदर्भात त्या सुमारास शाळांना सुट्टी असते आणि दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. आपल्याकडे हा उपक्रम सुगी आटोपल्यावर, थंडीच्या दिवसांत घ्यावा हे बरे.

आणखी एका बाबतीत सावधगिरी पाहिजे. ‘जुनी नाणी, मूर्ती, पुरातन वस्तू शाळेत आणून द्या’ असे आवाहन भित्तिपत्रकावर मुळीच करू नये. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास, तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंस १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा लागू होतो. अशी वस्तू कोणी आणलीच तर शाळेने ती ठेवून न घेता तहसील कार्यालयाकडे जाण्याचा मार्ग दाखवावा. घरगुती वस्तू उसन्या घेताना नोंदवहीत देणाऱ्याचे नाव, वस्तूचे वर्णन, दिनांक आणि परत करण्याची मुदत लिहून देणाऱ्यास चिठ्ठी द्यावी. अडकित्ता लहान असतो, पण तो आजीचा असतो.

संग्रहाच्या दारात एक फळा ठेवून येणाऱ्या प्रत्येकास एवढेच विचारावे: ‘कोठले भित्तिपत्रक पाहून आलात?’ गिरणी, थांबा, दुकान अशा रकान्यांत मुलांनी पाच-पाचच्या काड्या मांडाव्यात. आठवड्याअखेर तिसरीचा वर्ग त्यांचा स्तंभालेख काढील, आणि ज्या जागेचा स्तंभ ठेंगणा तेथील भित्तिपत्रक दुसरीकडे हलविता येईल. प्रदर्शन संपल्यावर सर्व कागद उतरवून आणावेत. फाटलेले टाकून द्यावेत. नावांनी भरलेल्या चौकटींचा कागद मात्र घडी न करता, दिनांक घालून, नोंदवहीत पुढचा अनुक्रमांक देऊन तिफनीशेजारीच ठेवावा.